शिवयोगीचा डावा कान

चौदा हजार फुटांवरच्या तंबूत सहा माणसांच्या मोज्यांचा वास ज्याने घेतलेला नाही, त्याने मला हिमालयाच्या सौंदर्याबद्दल काही सांगू नये. माझं सोलापूरच्या भवानी पेठेत चष्म्याचं दुकान आहे. भिंतीवर आमच्या मोटरसायकल क्लबचा लडाखमधला फोटो आहे, बायकोने हौसेने फ्रेम करून लावलेला. गिऱ्हाईक तो बघतं आणि म्हणतं, "धनाजीअण्णा, नशीबवान हाय तुमी." मी काच पुसत राहतो. त्या फोटोत आम्ही पाच जण छाती काढून उभे आहोत आणि कडेला सहाव्या माणसाचा अर्धाच चेहरा आलाय. तो वाकून कुणाच्या तरी गाडीची चेन बघतोय, म्हणून त्याला कुणी थांब म्हटलं नाही. मला सांगायचं आहे ते त्या अर्ध्या माणसाबद्दल.

शिवयोगी अक्कलकोट रोड एमआयडीसीत जॉबर आहे. टॉवेलचा माग बिघडला की तो चालू करणारा माणूस म्हणजे जॉबर. अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातून सतराव्या वर्षी आला तेव्हा त्याला कन्नडशिवाय काही येत नव्हतं. आता त्रेचाळिशीत मराठी चांगली बोलतो, पण रागावला की अजून कन्नडवर जातो. चाळीस मागांच्या खडखडाटात पंचवीस वर्षं उभं राहून त्याचा डावा कान गेला. उजवा शाबूत आहे. कारखान्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्याच्याशी बोलायचं असलं की माणसं आपोआप त्याच्या उजवीकडे जातात. पण मागाशी त्याचं काम कानाने नसतंच. तो चालत्या मागाच्या चौकटीवर तळहात ठेवतो, डोळे मिटतो आणि कुठला भाग झिजलाय ते सांगतो. मी स्वतः पाहिलंय, चुकत नाही.

त्या कारखान्याचा मालक अभिमन्यू. वय चौतीस, तीन पिढ्यांचा टॉवेलचा धंदा, आणि सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेवरून नाव घेतलेल्या आमच्या क्लबचा, ‘गड्डा रायडर्स’चा अध्यक्ष. माणूस वाईट नाही. पण त्याला समोर चार लोक दिसले की भाषण फुटतं, आणि त्या भाषणावर त्याचा स्वतःचा विश्वास बसतो, हा खरा रोग. लडाखच्या रॅलीला जायचं ठरलं तेव्हा वाटेत गाड्या बिघडल्या तर कोण बघणार, म्हणून त्याने शिवयोगीला बरोबर घेतलं. आमच्या पाच गाड्या नव्या आणि दांडग्या. शिवयोगीची मात्र पंधरा वर्षांची जुनी, कॅरिअरवर टॉवेलचे गठ्ठे वाहून वाहून मागून बसलेली. तिच्यावर त्याने सगळ्यांची हत्यारं, पंक्चरचं सामान आणि त्याच्या बायकोने दिलेल्या कडक भाकऱ्यांचा डबा लादला.

लेहला पोचलो तेव्हा हॉटेलच्या दारातच पाटी होती: दोन दिवस काही करू नका, पडून राहा, पाणी प्या, मगच वर जा. हॉटेलवाल्यानेही हात जोडून तेच सांगितलं. अभिमन्यूने पाटीसमोर उभं राहून व्हिडिओ काढला.

"आमी सोलापूरची माणसं," तो मोबाईलला म्हणाला, "पंचेचाळीस डिग्रीत डोक्याला टॉवेल गुंडाळून फिरतो. हवा जरा कमी हाय म्हणून आमाला काय हुतंय?"

बाकीच्यांनी शिट्ट्या मारल्या. मीही मारली, लपवण्यात अर्थ नाही. रॅलीत एक मानाची ढाल होती, ज्या क्लबचे सगळेच्या सगळे गडी झेंडा हलायच्या वेळी मैदानात हजर असतील त्या क्लबला. ती ढाल अभिमन्यूच्या डोक्यात बसली होती. दोन दिवस झोपून काढले असते तर झेंडा हुकला असता, म्हणून दुसऱ्याच दिवशी सकाळी निघायचं ठरलं.

निघताना शिवयोगी आपल्या गाडीपाशी उकिडवा बसला होता. तिचा धूर काळा येत होता आणि ती चढाला हुंदके देत होती. आमच्या नव्या गाड्यांना संगणक असतो, तो आपलं आपण सगळं जुळवून घेतो, त्यामुळे आम्हाला काही कळलंच नव्हतं. त्याने कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून पेट्रोल कमी केलं आणि उठला.

"मालक, गाडीला हवा पुरंना झालीय. हिला स्क्रू तर हाय. माणसाला कुटला स्क्रू फिरवायचा?"

"तू गाड्या बघ," अभिमन्यू म्हणाला.

रस्ता सिंधूच्या काठाकाठाने वर जातो. तो देखावा मी सांगणार नाही. माझं डोकं कुणीतरी आतून ठोकत असल्यासारखं दुखत होतं आणि हेल्मेटमध्ये माझ्याच श्वासाला शेंगाचटणीचा वास येत होता. दुपारी मैदानावर पोचलो. तिथे हजारभर गाड्या, कर्णे, झेंडे, प्लास्टिकच्या बाटल्यांचे ढीग, आणि ओळीने उभे केलेले प्लास्टिकचे संडास. त्यांत पाणी गोठलेलं होतं आणि माणसांनी तरीही ते वापरलेले होते. इतक्या स्वच्छ आभाळाखाली इतकी घाण मी आयुष्यात पाहिली नाही. शिसारी आली.

तिथे अभिमन्यूला पहिली उलटी झाली. क्लबच्या नव्या कोऱ्या बॅनरवर झाली.

आता हे नीट सांगितलं पाहिजे. आपल्याकडे माणसाचं डोकं दुखलं आणि उलटी झाली की दुसरा विचार कुणी करत नाही. जागरण झालं, पित्त. उपास घडला, पित्त. मुलगी नांदायला गेली आणि आईचं डोकं उठलं, तरी पित्तच. तंबूत अभिमन्यू डोकं धरून बसला होता, तेव्हा मी खिशातून गोळी काढली आणि म्हणालो, "काही नाही, पित्त झालंय. प्रवासात भाकरी वेळेवर झाली नाही." सगळ्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. पित्त म्हणजे घरातलंच दुखणं. अभिमन्यूनेही तो शब्द उचलला. रॅलीच्या माणसाने येऊन विचारलं, "सब ठीक?" तर तो हसून म्हणाला, "पित्त है."

फक्त शिवयोगी म्हणाला, "अण्णा, पित्त उलटी झाल्यावर उतरतंय. ह्यांचं वाढाय लागलंय."

मी त्याला गप्प केलं.

सकाळी सातला चहाच्या रांगेत अभिमन्यू सरळ चालू शकत नव्हता. पाय एकीकडे आणि तो दुसरीकडे. ओठ जांभळे, खोकला ओला, आणि बोलताना दर दोन शब्दांनी थांबत होता. दवाखान्याचा तंबू बंद, डॉक्टर पाहुण्यांबरोबर दहाला येणार, आणि एकुलती रुग्णवाहिका आदल्या संध्याकाळीच एका पेशंटला घेऊन खाली गेलेली. आमच्यातले बाकीचे तिघे म्हणाले, तीन तासांचा प्रश्न आहे, झेंडा झाला की बघू. माणूस निळा पडत होता आणि हे ढालीबद्दल बोलत होते. माझ्या तोंडाला कडू पाणी सुटलं, ते काही पित्ताचं नव्हतं.

शिवयोगी पुढे आला. त्याने अभिमन्यूच्या पाठीवर, जाकिटाच्या आत हात घालून, तळहात टेकवला आणि डोळे मिटले. मागाला करतो तसंच.

"आत पाणी हाय," तो म्हणाला. "खरखर हाताला लागतीया. खाली न्यायचं. आत्ता."

अभिमन्यू म्हणाला, "झेंडा... झाल्यावर."

शिवयोगीने आपल्या गाडीवरची सगळी हत्यारं जमिनीवर ओतली. अभिमन्यूला उचलून मागे बसवलं, स्वतः पुढे बसला, आणि मला म्हणाला, "अण्णा, चादर घ्या. पाठीवरनं दोन येढे, काखंतनं एक. गाठ माझ्या पोटावर." चादर अभिमन्यूच्याच कारखान्यातली, रॅलीत पाहुण्यांना भेट द्यायला आणलेली. वरून ट्यूबच्या रबराची पट्टी. भवानी पेठेत रोज टॉवेलचा गठ्ठा बांधतात तसा त्याने मालक बांधून घेतला, आणि त्याचं डोकं हाताने आपल्या डाव्या खांद्यावर कलतं केलं.

मी बुलेट काढली आणि मागे लागलो. कुणावर उपकार म्हणून गेलो नाही. त्या मैदानावर आणखी एक क्षण थांबवत नव्हतं.

वीसेक किलोमीटरवर अभिमन्यूला पुन्हा उलटी झाली, शिवयोगीच्या खांद्यावर. गाडी थांबली. मी पाणी दिलं. अभिमन्यूने डोळे उघडले आणि त्याला कळलं की आपण खाली चाललोय. तेवढा मेलेला माणूस, पण मालकी जिवंत होती.

"फिरव गाडी. शिवयोगी... मी सांगतोय. फिरव."

"काय म्हणताय मालक? डावा हाय की तो कान."

"उद्यापासनं... कामावर येऊ नको."

"ऐकू येईना बघा," शिवयोगी म्हणाला, बाहीने खांदा पुसला आणि गाडी खाली सोडली.

सिंधूच्या काठाने आणखी दोन तास गेलो. शेवटच्या तासात अभिमन्यू काहीच बोलत नव्हता. शिवयोगी गाडी चालवता चालवता डावा हात मागे नेऊन त्याच्या बरगडीवर ठेवायचा, मग पुन्हा हँडल धरायचा. मी मागून त्या हाताकडे बघत होतो. हात परत पुढे आला की मीही श्वास सोडायचो. वाटेत लष्कराचा छोटा दवाखाना होता, तिथे अभिमन्यूला उतरवलं. चादरीची गाठ सुटेना, ती कापावी लागली.

तिथला डॉक्टर केरळचा होता. ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि मग मला विचारलं, कधीपासून होतं हे? मी सांगितलं, काल दुपारपासून, आम्हाला वाटलं पित्त.

"पित्त? पित्त क्या होता है?"

मला सांगता येईना. पन्नास वर्षं रोज वापरलेला शब्द, आणि त्याचा अर्थ मला सांगता येईना. डॉक्टर म्हणाला, फुप्फुसात पाणी भरलंय, दहापर्यंत वर थांबला असतात तर पाहुण्यांना झेंड्याऐवजी दुसरं काही उचलावं लागलं असतं. शिवयोगी बाहेर नळावर शर्ट धूत होता. त्याला मी विचारलं, "डोकं मुद्दाम डावीकडं घेतलंस?"

"गठ्ठा कुटल्या अंगाला कलणार ते बांधायच्या आदीच बघावं लागतंय की, अण्णा."

तिकडे मैदानावर आमच्या तिघांनी काय केलं ते नंतर कळलं. अभिमन्यूच्या गाडीवर त्याचं हेल्मेट ठेवलं. टाकून गेलेल्या हत्यारांच्या ढिगावर शिवयोगीचं जादा जर्किन पांघरलं, तो इथेच कुठंतरी आहे असं वाटावं म्हणून. मोजायला आलेल्या माणसाला सांगितलं की गेलेले तिघे संडासात आहेत. ढाल मिळाली.

त्याच ढालीबद्दलचा सत्कार महिन्याभराने सोलापुरात झाला. दुपारचं ऊन, पत्र्याचा हॉल, घामाने भिजलेले हार. अभिमन्यू बरा झाला होता, गाल भरले होते. शिवयोगी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी कामावर गेला होता. त्याला कुणी ये म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. कार्यक्रमाला तो शेवटच्या रांगेत बसला, मी त्याच्या उजवीकडे. डावीकडची खुर्ची रिकामी होती.

अभिमन्यूने माईक हातात घेतला. "रॅलीत मला जरा पित्त झालं," तो म्हणाला, "थोडा वेळ खाली जावं लागलं. पण गड्डा रायडर्सची हजेरी शंभर टक्के!" टाळ्या पडल्या. पुढच्या वर्षी याहून उंच जायचं, असंही जाहीर झालं.

भाषण संपवून तो खाली उतरला, हात जोडत जोडत शेवटच्या रांगेपर्यंत आला आणि शिवयोगीच्या डावीकडच्या रिकाम्या खुर्चीत बसला. त्याने शिवयोगीच्या खांद्यावर हात ठेवला. मान खाली घालून, ओठ त्याच्या डाव्या कानाशी नेऊन, अगदी हळू म्हणाला, "तू नसतास तर मी तितंच गेलो असतो. मला ठाव हाय." मी ऐकायला पुढे झुकलो होतो, मला ते स्पष्ट ऐकू आलं. मग तो उठला आणि कुणाबरोबर तरी फोटो काढायला गेला.

लहानपणापासून त्या कारखान्यात वावरलेला माणूस. आणि शिवयोगीचा कुठला कान चालतो हे त्याला माहीत नव्हतं म्हणे! जगाला सांगायचं ते माईकवर आणि खरं ते बहिऱ्या कानात. इतकी शिसारी मला त्या संडासांच्या घाणीचीही आली नव्हती.

शिवयोगीने माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणलं मालक?"

मी शब्दन् शब्द सांगितला, मोठ्याने, पुढच्या दोन रांगांनी वळून बघितलं इतक्या मोठ्याने. तो ऐकून मान हलवत राहिला.

"हात थरथरत हुता त्यांचा," तो म्हणाला. "खांद्याला कळलं. बास की तेवढं."

मला नाही पुरलं. माईक अजून चालू होता, स्टेजवर कुणी नव्हतं, चार पावलांवर पायऱ्या होत्या, वर जाऊन खरं काय ते सांगता आलं असतं. पण पित्त हा शब्द पहिल्यांदा मीच काढला होता, गोळीही माझ्याच खिशातली होती. मी जागचा उठलो नाही.