गाड्यांची गोणी, भांड्यांची गोणी

प्रकल्पाचा विषय मीच निवडला होता, हे आधी सांगून टाकतो. बारामतीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला समाजशास्त्राच्या मॅडमनी यादी दिली, त्यात ‘तीन ते सहा वयाच्या मुलांची खेळण्यांची निवड’ असा एक विषय होता. बाकीचे विषय वाचूनच भीती वाटत होती. हा सोपा वाटला, कारण माझी आई इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावात अंगणवाडीची मदतनीस आहे. आठवडाभर घरी राहायचं, भिंतीला टेकून बसायचं, पोरं काय खेळतात ते लिहायचं. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही, त्यामुळे प्रकल्प म्हणजे नक्की काय हे विचारायलाही घरात कुणी नव्हतं. मला वाटलं, बघणं म्हणजे बघणं.

चार दिवस बघितलं. वहीत रकाने पाडले. मुलगे: गाडी, ट्रॅक्टर, चेंडू, गाडी. मुली: भांडी, बाहुली, चूल, भांडी. चारही दिवस तेच. मी खाली लिहिलं की मुलगे गाड्या निवडतात आणि मुली भातुकली निवडतात. एसटीनं बारामतीला गेलो आणि मॅडमना वही दाखवली.

त्यांनी रकाने बघितले, अक्षर चांगलं आहे म्हणाल्या आणि एकच प्रश्न विचारला. “मुलं निवडत होती, तेव्हा खेळणी कुठं होती?”

मला उत्तर येत होतं. खेळणी दोन गोण्यांत होती. अंगणवाडीच्या आतल्या भिंतीला दोन खिळे आहेत, त्यांवर दोन गोण्या. एकीत गाड्या, दुसरीत भांडी. आई रोज त्या काढते आणि म्हणते, “पोरांनो, हिकडं. पोरींनो, तिकडं.” मी चार दिवस त्याच भिंतीला टेकलो होतो आणि ते मी लिहिलं नव्हतं. मी स्वतः त्याच अंगणवाडीत त्याच गोणीतल्या गाड्या खेळलो आहे. खिळे जसे भिंतीत होते तशाच गोण्याही होत्या, त्या कुणी ठरवून वेगळ्या केल्या असतील हे कधी मनात आलं नव्हतं.

संध्याकाळी खोलीवर आलो. तिथं आम्ही कॉलेजची चार पोरं राहतो आणि स्वयंपाक मी करतो, कारण मला येतो. वडील लोणी देवकरला कंपनीत पाळीवर, आई दिवसभर अंगणवाडीत, त्यामुळे आठव्या वर्षीच तिनं मला भाकरी शिकवली होती. फक्त शेजारचं कुणी आलं की परात तिच्यापुढं सरकवायची, हेही तेव्हाच शिकलो. खोलीवरची पोरं मला ‘वहिनी’ म्हणतात. त्या दिवशीही एकजण म्हणाला, “वहिनी, आज मिठाचा हात आखडला व्हय? दादांशी भांडण झालं का काय?” सगळे हसले. मीही हसलो. दोन वर्षं हसतोय, आता हसायचाही कंटाळा येतो.

शनिवारी घरी जाऊन आईला म्हणालो, एक दिवस दोन्ही गोण्या एकत्र ओत.

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “आन् मग लोकांची तोंडं कोण धरणार? तू?”

मग तिनं सांगितलं. तिला नोकरी लागली तेव्हा तिच्या हातची खिचडी गावातल्या काही घरांतली पोरं खात नव्हती. आम्ही बौद्ध वस्तीतले. पोरं डबे घेऊन यायची आणि भिंतीकडं तोंड करून खायची. ती रोज शिजवत राहिली. दोन वर्षांनी एक पोरगं डबा विसरलं आणि त्यानं खिचडी खाल्ली, मग हळूहळू सगळे खायला लागले. त्याच सुमाराला एका बापानं पोराच्या हातात लाटणं बघितलं आणि दारात उभं राहून आरडाओरडा केला, आमच्या पोराला बायकी करताय म्हणून. दुसऱ्या दिवशी चार पोरं आली नाहीत. तिसऱ्या दिवशी आईनं दोन गोण्या आणल्या.

“खिचडीपायी दोन वरसं गेली माझी,” ती म्हणाली. “लाटण्यापायी अजून दोन घालवू का? आपल्याला बोलायला लोकांना कारण लागत न्हाय, तवा आपण कशाला द्यायचं?”

मग तिनंच तांदळाचं ताट बाजूला ठेवलं. “सोमवारी. एकच दिस. बाईंना इचारून.”

सोमवारी बाईंनी, म्हणजे अंगणवाडी सेविकांनी, हो म्हटलं आणि आईनं दोन्ही गोण्या सतरंजीवर ओतल्या. मला वाटलं होतं पोरं तुटून पडतील. एकही वाकलं नाही. सगळी आईच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. चार वर्षांची एक मुलगी लाल ट्रॅक्टरजवळ जाऊन बसली, हात फ्रॉकच्या खिशात घालून.

“मावशी, ह्यो पोरांचा हाय ना?”

आईनं माझ्याकडं बघितलं. मी वहीत बघितलं.

“आज सगळ्यांचा हाय. घे,” आई म्हणाली.

मग हळूहळू ढीग हलला. बरीचशी पोरं आपापल्या नेहमीच्या वस्तूंकडंच गेली, हेही मी लिहिलं आहे. पण एका पाच वर्षांच्या पोरानं छोटी परात घेतली, दारापुढच्या नळाखालची ओली माती आणली आणि भाकरी थापायला बसला. हात बरोबर फिरत होता. घरी कुणाशेजारी तरी तो बसत असणार.

बाराला त्याचे आजोबा त्याला न्यायला आले. गाव त्यांना तात्या म्हणतं. भाजी बाजारात घालणारे, हसून बोलणारे गृहस्थ. दारातूनच म्हणाले, “काय ओ, आमच्या नातवाला सुगरण करताय व्हय?”

बाई हसल्या, दाराशी आलेल्या बायका हसल्या. पोरानं परात खाली ठेवली आणि हात चड्डीला पुसले.

“न्हाय तात्या,” आई घाईनं म्हणाली, “पोराच्या कॉलेजचं काम हाय, आजच्यापुरतं.”

तात्या माझ्याकडं वळले. “कॉलेजात भाकऱ्या थापायला शिकवत्यात का रं? तू थापतूस का?”

मी रोज संध्याकाळी पंधरा-सोळा भाकऱ्या थापतो. ते पोरगं माझ्याकडं बघत होतं.

“न्हाय, तात्या,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पोरगं आलं नाही. आई त्याच्या घरी गेली. परत येऊन म्हणाली, “ताप हाय म्हणत्यात,” आणि खिचडी शिजवायला बसली. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली आणि त्याला हाताला धरून घेऊन आली. तिथं काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही. त्या दुपारी आम्ही दोघांनी खेळणी परत गोण्यांत भरली. कोणतं कुठं हे एकमेकांना विचारावं लागलं नाही. फक्त मातीच्या बैलांपाशी आणि चेंडूपाशी दोघांचे हात थोडे थांबले.

प्रकल्प मी घरीच लिहिला. आईला लिहिता-वाचता येतं, पण तिला मोठ्यानं वाचलेलं ऐकायचं होतं. ओट्यावर बसून वाचलं. ‘अंगणवाडीत खेळणी दोन गोण्यांत विभागलेली होती’ इथपर्यंत आलो तर तिनं थांबवलं.

“गोण्या आपोआप भरल्या व्हय?”

“तुझ्यावर येईल, आई. पर्यवेक्षिकेपर्यंत गेलं तर?”

“जाऊ दे. मी भरल्या, तर मी भरल्या लिव्ह. पर का भरल्या ते बी लिव्ह. खिचडीचं बी. निस्तं गोण्यांचं लिव्हलंस तर मी येडी दिसंन.”

मी तिच्यादेखत वाक्य खोडलं आणि तिनं सांगितलं तसं लिहिलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. ऐकताना तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाजही नव्हती. दिवसभर उभं राहून आलेला शीण होता, तो रोज असतो.

मला वाटलं संपलं. वही मिटणार तेवढ्यात ती म्हणाली, “आन् तात्यानं तुला इचारलं, ते?”

“ते प्रकल्पात येत नाही.”

“माझं येतं, तुझं येत न्हाय व्हय?” ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून, आणि आत गेली.

अंधार पडायच्या आत लिहायचं म्हणून मी ओट्यावरच बसलो. त्या चार ओळींना तासभर लागला. मला विचारलं, मला भाकरी येते, मी नाही म्हणालो, मुलगा ऐकत होता. एवढंच. तीनदा लिहून तीनदा खोडलं, कारण प्रत्येक वेळी शेवटी माझी बाजू मांडणारं एक वाक्य यायचं. चौथ्यांदा ते येऊ दिलं नाही. पान तसंच ठेवलं आणि आत जाऊन पीठ मळायला घेतलं. दार उघडंच होतं.