तेरा पॉइंट दोन

आमच्या रसायनशास्त्र विभागात शिकवणारे आम्ही नऊ जण आहोत, पण विभाग चालायचा तो मावशींवर. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. पंचवीस वर्षं एकाच प्रयोगशाळेत उभं राहून माझ्या पायांच्या शिरा फुगल्यात आणि कौतुक करायला लागणारी उमेद केव्हाच संपलीय. जे झालं ते सांगते, एवढंच.

मावशी म्हणजे आमच्या प्रयोगशाळा सहाय्यक. बत्तीस वर्षांपूर्वी काचेची भांडी धुवायला म्हणून लागल्या. शाळा अर्धवट सुटलेली. पण बघून बघून सगळं शिकल्या. कुठलं ॲसिड पाण्यात ओतायचं आणि कुठल्याला हातही लावायचा नाही, कुठलं मीठ हवेत ठेवलं की ओलं होतं, सगळं पाठ. पुढे त्या द्रावणंच बनवायला लागल्या. प्रयोगशाळेच्या मागे एक अरुंद खोली आहे, तिथे तराजू, कपाटं आणि मावशींचं स्टूल. ॲसिडने भोकं पडलेला एप्रन, बोटांवर कसले कसले तपकिरी डाग, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. "अरे बाळा, ब्युरेट आहे ती, बासरी नाही, तोंडाशी कशाला नेतोस?" असं त्या पोरांना ओरडायच्या आणि पोरं त्यांना घाबरायची. मला कुणी घाबरत नाही. मी नुसती मार्क देते.

मावशींची एक गंमत होती. प्रॅक्टिकल संपलं की त्या पोरांच्या बाटल्या गोळा करायच्या, आणि बाटली हातात घेतली की त्यांना कळायचं, कोणी काम केलंय आणि कोणी शेजाऱ्याच्या वहीतून आकडे उचललेत. "ही बघा, भरलेलीच परत आली. आणि वहीत तीन-तीन रीडिंगं!" मी हसून सोडून द्यायचे. साठ पोरं, दोन बॅचेस, जर्नलांचा ढीग, कोणाकोणाच्या मागे लागणार?

नियमाप्रमाणे परीक्षेचं द्रावण सहाय्यकाने बनवायचं आणि शिक्षकाने स्वतः टायट्रेशन करून ते बरोबर आहे ना हे तपासायचं. मग रजिस्टरमध्ये 'पडताळणी' नावाच्या रकान्यात सही करायची. सुरुवातीची काही वर्षं मी इमानेइतबारे करत होते. दर वेळी मावशींचं द्रावण काट्यावर बरोबर. मग एकदा घाईत न तपासता सही केली. काही बिघडलं नाही. मग सवयच लागली. गेली दहा वर्षं मी महिन्याच्या शेवटी रजिस्टर उघडायचे आणि अख्ख्या पानावर एका दमात सह्या ठोकायचे.

गेल्या दीड-दोन वर्षांत मावशी अधूनमधून म्हणायच्या, "मॅडम, एकदा बघून घ्या ना." मी म्हणायचे, "तुम्ही केलंय म्हणजे बरोबरच असणार हो." त्या दारात दोन मिनिटं घुटमळायच्या आणि परत जायच्या. मला वाटायचं, वय झालं, शंकेखोर झाल्यात.

परीक्षेच्या दिवशी सकाळच्या बॅचला ऑक्झॅलिक ॲसिडचं द्रावण होतं. त्यातलं दहा मिली घ्यायचं, वरून ब्युरेटमधून थेंब थेंब कॉस्टिक सोडा सोडायचा, फिकट गुलाबी रंग आला की थांबायचं आणि किती लागला ते लिहायचं. उत्तर दहा मिली. जवळपास सगळ्यांचं दहाच आलं. बॅच सुटता सुटता एका धांदरटाने कोपराने कॅन आडवा केला आणि दुपारच्या बॅचचं द्रावण फरशीवरून नाल्यात गेलं. मध्ये तासभर वेळ. मावशी जेवण टाकून मागच्या खोलीत पळाल्या आणि नवीन लिटरभर करून आल्या. "मॅडम, एकदा बघून घेता?" माझ्या हातात डबा, समोर सकाळच्या बॅचचे पेपर, पायांत गोळे. मी मान वर न करता म्हणाले, "द्या वाटून."

दुपारी वीस जण होते. त्यांतली एक मुलगी तिसऱ्यांदा बसलेली. हाच पेपर, याच प्रॅक्टिकलला दोनदा नापास. आमच्याकडे तीन संधी मिळतात, तिसरी गेली की नाव कमी होतं आणि तीन वर्षं पाण्यात. ही मुलगी शांत, जरा मंदच म्हणा ना, असं मी तिच्याबद्दल ठरवून टाकलं होतं. बाकीची पोरं तासाभरात आटोपून गेली. ही आपली शेवटपर्यंत ब्युरेटशी झटत बसली. घंटा झाली तेव्हा पेपर दिला. चेहरा पांढराफटक.

तपासायला घेतलं. दहा. नऊ पॉइंट नऊ. दहा. दहा पॉइंट एक. माझं लाल पेन आपोआप चालत होतं. शेवटी हिचा पेपर आला. तेरा पॉइंट दोन, तेरा पॉइंट दोन, तेरा पॉइंट एक. मी कपाळाला हात लावला. काय म्हणावं या पोरीला! पाव-अर्ध्याने चुकली असती तर काही तरी ओढूनताणून देता आलं असतं. तीन मिलीची चूक? मी रीडिंगवर काट मारली आणि शून्य लिहिलं. वाईट वाटलं का? खरं सांगू, नाही वाटलं. पाच वाजता यादी ऑफिसात द्यायची होती आणि मला घरी जाऊन आडवं व्हायचं होतं.

मावशी बाटल्या गोळा करत होत्या. एकदम त्यांची बडबड थांबली. वर बघितलं तर त्या एक बाटली हातात धरून उभ्या.

"मॅडम, ही तिसऱ्यांदा बसलेल्या पोरीची. तळ दिसतोय. बाकीच्या एकोणीस बघा, पाऊण-पाऊण भरलेल्या."

"मग?"

"मग काय मग? काम हिने एकटीने केलंय. तिला किती आलं?"

"तेरा पॉइंट दोन. शून्य दिलंय."

मावशी वळल्या. बाटली खाली ठेवली, उरलेलं ॲसिड माझ्यासमोर आणून ठेवलं, ब्युरेट धुतली, भरली, स्टँडला लावली. म्हणाल्या, "आता बघून घ्या."

"मावशी, यादी द्यायचीय. उद्या बघू."

"उद्या ती पोरगी नापास झालेली असेल."

असा राग आला मला! बत्तीस वर्षं बाटल्या धुणाऱ्या बाईने मला शिकवावं? पण उठले. मुकाट्याने पिपेट घेतली. दहाला रंग नाही. अकराला नाही. बाराला मी तोटी हळू केली. तेरा पॉइंट दोनला फ्लास्कमध्ये गुलाबी झाक आली आणि तशीच राहिली. मी पुन्हा केलं. पुन्हा तेरा पॉइंट दोन.

"आला का रंग?" मावशींनी विचारलं. फ्लास्क त्यांच्या नाकासमोर होता, टेबलावरच्या पांढऱ्या टाइलवर, खिडकीच्या उजेडात.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "मावशी, तुम्हाला दिसत नाहीये?"

त्या स्टुलावर बसल्या. एप्रनच्या टोकाने डोळे पुसत म्हणाल्या, "दीड वर्ष झालं. मोतीबिंदू आहे. सगळं धुक्यातून दिसतं. गुलाबी तर दिसतच नाही. तराजूचे आकडे फुललेले दिसतात. सहा पॉइंट तीन घ्यायचं होतं, घाईत आठ पॉइंट तीन पडलं असणार. मला तो आठ सहाच दिसला." घरीही कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. नवरा मोठ्याने पेपर वाचतो म्हणून गल्लीतले त्याला हसायचे, ती सवय त्याला मावशींनीच लावली होती, स्वतःला अक्षरं दिसत नाहीत हे कळू नये म्हणून. डोळे गेले म्हटलं असतं तर विभागाने दुसऱ्याच दिवशी उचलून जुन्या पेपरांच्या गोदामात बसवलं असतं. "शेवटचे चार महिने राहिलेत हो. माझ्या तराजूपाशी काढायचे होते. म्हणून तर तुम्हाला म्हणायचे, एकदा बघून घ्या."

मी ब्युरेट स्टँडवरून उतरवली.

मग मावशीच म्हणाल्या, "माझं एकटीचं नाव लिहा. द्रावण मी चुकवलं. तुमची सही मागाहून झाली म्हणा. तुम्हाला अजून पुष्कळ वर्षं काढायचीत इथे." आणि लाज वाटते सांगायला, पण मला सुटल्यासारखं वाटलं. मी कागदही ओढला. वर तारीख घातली.

तेवढ्यात दारात ती मुलगी. घरी गेलीच नव्हती, बाहेर जिन्यात बसून होती. निकालाबद्दल विचारायचं धाडस करून आली असावी. मी म्हटलं, "आत ये. तुझं बरोबर आहे. द्रावणच चुकीचं होतं. बाकीच्यांचं खोटं आहे, तुझं खरं आहे."

मला वाटलं, रडेल, हसेल, पाया पडेल. ती नुसती उभी राहिली. मी विचारलं, "सकाळच्या बॅचचे सगळे दहा सांगत होते ना? तुलाही कळलं असेल. मग दहा का नाही लिहिलंस?"

"सहा वेळा केलं, मॅडम. सहाही वेळा तेराच्या आसपास आलं. जे आलं नाही ते कसं लिहू?" मग थांबून, अगदी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, पहिल्या वेळी मी खरंच चुकले होते. पण मागच्या वेळी माझं अकरा पॉइंट सहा आलं होतं. तेव्हाही सहा वेळा केलं होतं. तुम्ही शून्य दिलंत."

मावशींनी तोंडाला पदर लावला. बोटांवर महिने मोजले. "तेव्हाही मला दिसत नव्हतं," त्या म्हणाल्या.

मी रजिस्टर काढलं. मागच्या वर्षीचं पान उघडलं. परीक्षेच्या तारखेसमोर पडताळणीच्या रकान्यात माझी सही होती. तिच्या वर सही, खाली सही, एकाच शाईत, एकाच वळणाची, वरून खाली उतरत गेलेली. त्या दिवशीचं द्रावण बरोबर होतं की चूक, हे आता कोणीच सांगू शकत नव्हतं. परीक्षा संपल्यावर मावशींनीच ते सिंकमध्ये ओतलं होतं. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. मला तिला एवढंही सांगता येईना की पोरी, तेव्हा तूच चुकलीस.

मी तारीख घातलेला कागद फाडला आणि दुसरा घेतला. त्यावर सगळं लिहिलं. मावशींचे डोळे, माझ्या सह्या, दहा वर्षं. मावशी "अहो नको, अहो कशाला" करत राहिल्या. खाली दोघींनी सह्या केल्या. मावशींना रेघ दिसेना, मी त्यांचं बोट धरून जागेवर टेकवलं.

पुढचं थोडक्यात. एकोणीस जणांची परीक्षा पुन्हा झाली आणि त्यांनी मला मनसोक्त शिव्या दिल्या. मला आणि मावशींना लेखी ताकीद मिळाली. मावशींना गोदामात बसवलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिथूनच त्या निवृत्त झाल्या. निरोपाला विभागातून आम्ही तिघंच गेलो. जाड चष्म्यातून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "अगं बाई, मॅडम, किती म्हाताऱ्या झालात तुम्ही!" मी हसले. ती मुलगी पास झाली. तिचा मागच्या वर्षीचा निकाल बदलावा असा अर्ज मी स्वतः तीनदा ऑफिसात नेला. तीनदा तेच उत्तर आलं, द्रावण शिल्लक नाही, पुरावा नाही, बदल होणार नाही.

परवा ती आली होती. कुठल्याशा औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीसाठी अर्ज करायचाय, गुणपत्रिकेच्या प्रतीवर शिक्षकाची सही हवी, मूळ प्रतीशी ताडून पाहिल्याची. मी म्हटलं, "माझ्याचकडे आलीस?" ती म्हणाली, "दुसरं कोणी जागेवर नव्हतं." खोटं बोलायची सवय तिला नाहीच.

मी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली. नाव, विषय, गुण. रसायनशास्त्र प्रात्यक्षिकाच्या समोर छापलंय, 'तिसरा प्रयत्न'. प्रतीवरही तेच. मुलाखतीला बसणारा प्रत्येक जण तिला विचारणार, तीन वेळा का? आणि ती जे खरं आहे ते सांगणार, आणि तिच्यावर विश्वास कोण ठेवणार?

'सत्यप्रत' असा शिक्का मारला. सही करायला पेन टेकवलं आणि हात तिथेच थांबला.

"काय झालं, मॅडम?" तिने विचारलं. "काही चुकलंय का? एकदा बघून घ्या ना."

"बघितलं," मी म्हणाले, आणि सही केली.