कुणाच्या हातची?

गोळी हातात ठेवली की कंपाउंडरबाबा आधी तिच्याकडे बघतच नसत. मूठ मिटून समोरच्याच्या तोंडाकडे बघत आणि विचारत, "कुणाच्या हातची?"

"ते सांगते, पण कसली आहे ते तर सांगा."

"बघून सांगता येत नाही, बाय."

झालं, एवढ्यावर संपलं. दुसरा कुणी असता तर निदान वास घेतला असता, नखाने खरवडून बघितलं असतं, दोन-चार नावं तोंडावर फेकली असती. लालबागच्या बाजारात जडीबुटी विकणारा एक जण बसायचा. त्याच्यापुढे उंदराची लेंडी ठेवली असती तरी त्याने तिचे तीन गुण सांगितले असते. लोक त्याच्यापुढे गर्दी करून उभे राहत. आणि ज्यांचा जन्म दवाखान्यात औषधं कुटण्यात गेला, ते आमचे कंपाउंडरबाबा म्हणणार, सांगता येत नाही. मला तर संताप यायचा.

ते माझगावकडचे ख्रिस्ती. अंगाने किडकिडीत, डोक्यावर जुनी काळी टोपी, आणि बोलणं इतकं हळू की दोनदा विचारावं लागे. आमच्या चाळीपासून हाकेच्या अंतरावर डॉक्टरांचा दवाखाना होता, तिथे ते काढे गाळत आणि गोळ्या वळत. चाळीतल्या म्हाताऱ्या त्यांना ओटीवर बसवत, उंबऱ्याच्या आत घेत नसत. त्यांनी कधी वाईट वाटून घेतलेलं मी पाहिलं नाही.

एकदा आमच्या घरी त्यांच्याच दवाखान्यातली खोकल्याच्या गोळ्यांची जुनी पुडी सापडली. मी ती घेऊन गेले आणि म्हटलं, "ही तरी ओळखाल ना? तुमच्याच हातची आहे."

त्यांनी पुडी उलटीसुलटी केली. "कागद माझा आहे, बाय. आतलं माझंच आहे कशावरून? तुमच्या घरात पुड्या कोण कोण सोडतं?"

आमच्या घरात पुड्या सगळेच सोडत. माझे सासरे तर रिकाम्या कागदात तपकीर बांधून ठेवत. बाबांनी त्या गोळ्या मोरीत टाकल्या आणि नवीन वळून दिल्या. माझ्या सासऱ्यांना मात्र आठवडाभर त्या गोळ्या वाया गेल्याची हळहळ वाटत होती.

गिरणीतला एक विणकर मेलेल्या भावाच्या पेटीतल्या गोळ्या घेऊन आला होता. भावाला ताप होता, आपल्यालाही ताप आहे, तर घेऊ का म्हणून विचारत होता. बाबांनी त्याला रविवारी सोबत घेतलं आणि गिरगावात, भावाला त्या गोळ्या देणाऱ्या वैद्यांकडे चालत नेलं. वैद्यबुवा सरळ माणूस. गोळी बघून म्हणाले, "माझ्याकडच्या तीन गोळ्या अशाच दिसतात. यातली ही कोणती, देव जाणे." तेव्हा म्हणे दोघेही हसले आणि वैद्यबुवांनी त्याची नाडी बघून नवीन औषध दिलं. तो विणकर सगळ्यांना सांगत फिरला, दोन शहाणे मिळून एक गोळी ओळखू शकले नाहीत. मीही हसले होते.

मग आमच्याच चाळीत ती दुपार आली.

आमच्या शेजारी यमुना राहायची. ती गिरणीत रिळांच्या खात्यात जायची आणि चार महिन्यांचं पोर सासूजवळ ठेवायची. मी घरी चोळ्या शिवत असायची, म्हणून त्या घरातलं सगळं माझ्या कानावर असे. त्या काळी पोर निजून राहावं म्हणून त्याला अफूची बारीक गोळी द्यायची सर्रास चाल होती. बाळगोळी म्हणत. यमुनेने मात्र सासूला गळ्याची शपथ घातली होती की ह्याला ती द्यायची नाही. कारण तिचं पहिलं मूल आदल्या वर्षी झोपेतच गेलं होतं. कशाने गेलं ते कुणालाच कळलं नव्हतं.

दुपारच्या सुट्टीत यमुना पोराला पाजायला आली, तर पोर उठेना. ओठ निळेकाळे पडलेले, श्वास कुठेतरी खोल चाललेला. चटईखाली एक काळी गोळी सापडली. मी धावत जाऊन बाबांना घेऊन आले. डॉक्टर वरळीला गेले होते, त्यांच्यामागे माणूस पाठवला.

यमुनेने गोळी त्यांच्या हातात कोंबली. "कसली आहे ही?"

"बघून सांगता येत नाही, बाय."

माझा तोल गेला. मी ओरडले, "अहो, पोर चाललं आणि तुमचं अजून तेच?"

त्यांनी पोराला माझ्या मांडीवर दिलं, तळपायांना टिचक्या मारत राहायला सांगितलं आणि म्हणाले, "अफू असेल तर औषध वेगळं, धोतरा असेल तर वेगळं. एकाचं औषध दुसऱ्यावर दिलं तर मीच ह्याला मारीन." मग म्हातारीकडे वळले. "आजी, कुणाच्या हातची?"

"डिकेमालीची हाय. जंतांची," म्हातारी भिंतीकडे बघत म्हणाली. "सगलीच देतात."

दारातल्या बायकांनी माना डोलावल्या. डिकेमाली काळीच असते. बाबांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं, यमुनेलासुद्धा. ती जाईना, तेव्हा तिला बायकांनी ओढून नेलं. आत मी, माझ्या मांडीवरचं पोर, म्हातारी आणि ते. टोपी काढून ते तिच्यापुढे जमिनीवर बसले.

"आजी, मागचं मी विचारत नाही," ते अगदी हळू म्हणाले. "मागचं कधीच विचारणार नाही. आजचं तेवढं सांगा."

म्हातारीने पदर तोंडावर ओढला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आजचं सांगायचं म्हणजे पहिल्या नातवाचं आपल्याच तोंडाने कबूल करायचं होतं. माझे हात त्या पोराच्या पायांवर थांबले, तसे बाबा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "थांबू नका, बाय."

"माझ्याच हातची," म्हातारी म्हणाली. "अफूची. सकाली एक दिली. मंग रडाय लागला म्हनून आनखी एक. तिसरी हातातनं पडली."

बाबा उठले. त्यांनी तिला एका शब्दाने दोष दिला नाही. पुढचं सगळं त्यांनी आणि मागून आलेल्या डॉक्टरांनी केलं. दिवेलागणीला पोर एकदाचं रडलं. आयुष्यात इतकं गोड रडणं मी पुन्हा ऐकलं नाही.

यमुनेचा नवरा कामावरून आला आणि अफूचं कळताच आईच्या अंगावर धावून गेला. बाबा मध्ये उभे राहिले. "आजींनी सांगितलं म्हणून तुमचं पोर हाताला लागलं," ते म्हणाले. "मला कळलं नव्हतं. त्यांनी सांगितलं." एवढं बोलून ते टोपी शोधायला लागले. आत काय झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि मीही नाही. पहिल्या मुलाचं यमुनेला आपोआप उमगलं असेल का, हे मला आजही माहीत नाही. तिने विचारलं नाही, हे खरं.

पुढे मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग आला. निम्मी चाळ गावी पळाली. दवाखाना बंद झाला आणि बाबा आजाऱ्यांना वेगळं ठेवायला उभारलेल्या छपरांमध्ये कामाला गेले. तिथेच त्यांना ताप आला आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. दवाखान्याचा झाडूवाला दुपारी सांगत आला. त्यांना कुठे पुरलं, तेही त्याला नीट ठाऊक नव्हतं.

आम्ही बायका नळावर होतो. आपल्यात जवळचं माणूस गेल्याचं कानावर आलं की डोक्यावरून पाणी घेतात. परक्यासाठी कुणी घेत नाही, परधर्माच्या माणसासाठी तर नाहीच. म्हातारी घरातून काठी टेकत आली आणि नेसत्या लुगड्यानिशी नळाखाली बसली.

यमुना घाबरली. "आत्याबाई, असं काय करता? आपल्यातलं कोण गेलं?"

"माजा गेला," म्हातारी म्हणाली.

यमुनेने कडेवरचं पोर माझ्याकडे दिलं, तांब्या उचलला आणि सासूच्या डोक्यावर पाणी घातलं. आणि मग स्वतःच्याही.