खुशालभाऊंच्या फाटकातला वाघ

आमचं गाव सिंदेवाहीच्या पुढे, तिन्ही बाजूंनी जंगल. जिथे लोक झाडी तोडून धान पेरतात, तिथे पदरमोड करून झाडी आणणारा एकच माणूस झाला, माझे शेजारी खुशालभाऊ. एसटीत कंडक्टर होते. त्र्याऐंशी साली चंद्रपूरला कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यापुढे त्यांनी झुडूप कापून केलेला हत्ती पाहिला आणि हा भला माणूस खुळावला.

सुरुवात क्रोटनपासून झाली. त्याची पिवळी पानं पाहून लोक झाडाला कावीळ झाली म्हणून औषधं सांगायला येऊ लागले. जास्वंद बकऱ्यांनी संपवली. शेवटी कुंपणाला लावतात ती कोयनेल सापडली. तिचं पान इतकं कडू की बकरी हुंगते आणि तोंड फिरवून जाते. खुशालभाऊंनी पावसाळ्यात फाटकाजवळ तिच्या फांद्या खोचल्या, शेंडे खुडून खुडून बुडापासून दाट केल्या आणि तारेचा सांगाडा बांधून हत्ती घडवायला घेतला. दोन वर्षांनी कुठे सोंड आली, तर एका बैलाने शिंग मारून ती मोडली.

"सोंड गेली त वाघ करू," खुशालभाऊ म्हणाले.

अशा रीतीने हत्तीच्या अंगाचा, जबडा वासलेला वाघ जन्माला आला. डोळ्यांना सोडावॉटरच्या बाटलीतल्या गोट्या. सीतावहिनी म्हणाल्या, "डुकरावानी दिसते." मला तो बेडूक वाटायचा, पण शेजारधर्म म्हणून मी गप्प बसलो.

गावातल्या सुकरीबाईला मात्र वाघच दिसला. तिचा नवरा मोहफुलं वेचायला गेला होता, त्याला वाघाने नेलं. तेव्हापासून कुठेही वाघाचं रूप दिसलं की ती हात जोडल्याशिवाय पुढे जात नसे. उन्हाळ्यात बायका तेंदूपत्ता तोडायला निघाल्या, तेव्हा तिने फाटकाशी थांबून या वाघाला शेंदूर लावला आणि नारळ फोडला. सगळ्या बायका सुखरूप परतल्या. मग काय, रोज सकाळी खुशालभाऊंच्या दारात नारळ फुटू लागले.

खुशालभाऊंनी डोक्याला हात लावला. "माह्या बापानं छप्पन साली धम्म घेतला तवा घरातले देव बाहेर काढले. अन् मी अंगणात देव पिकवून राह्यलो!"

हा बाप, जंगूबाबा, पावसाळ्यानंतर वरोऱ्याहून कायमचा लेकाकडे राहायला येणार होता. त्याच्या येण्याआधी हा वाघ कापून साधं कुंपण करायचं, असं ठरवून खुशालभाऊंनी कैची उचलली. सुकरीबाई गावकऱ्यांना घेऊन आडवी उभी राहिली.

"भाऊ, देवाले कैची लावता? उद्या जंगलात कोणाले काई झालं त?"

खुशालभाऊंनी कैची खाली ठेवली.

पाऊस लागला. ज्या झाडाला कैची नाही ते वाढायचंच. आषाढात आखाडीला वाघाचं अस्वल झालं, पोळ्याला रेडा झाला आणि त्याच्या पोटाने फाटक गिळून टाकलं. सीतावहिनी मागच्या गोठ्यातून ये-जा करू लागल्या. गाडीच्या घाईत खुशालभाऊ आधी तिकिटांची पेटी भिंतीपलीकडे सोडायचे, मग खाकी कपड्यांत स्वतः उडी मारायचे. गाडी चुकली की सगळं गाव वाघदेवाची मर्जी म्हणायचं. मला हसू यायचं, आणि त्या बापड्याची कीवही यायची.

एके दिवशी जंगूबाबा आले. पुढून आत शिरायला वाट नाही. हातात पिशवी घेऊन म्हातारा रस्त्यावर, लेक भिंतीवर मान खाली घालून बसलेला, आणि मध्ये शेंदूर लावलेला रेडा. आता म्हातारा पेटणार, असं मला वाटलं. पण त्यांनी नारळ घेऊन आलेल्या सुकरीबाईला शांतपणे विचारलं, "हा देव राखणीचा हाये का, बाई?"

"हो जी. साऱ्या गावाचा."

"मंग राखणदार शिवेवर पायजे. माह्या पोराची चूल कायले राखते?"

म्हातारा खरं बोलत होता. वाघदेवाची जागा गावाच्या शिवेवरच असते, हे लहान पोरालाही ठाऊक. पण झाड उपटलं तर मरणार. म्हणून घरटी एकेक फांदी तोडून शिवेवर लावायची ठरली. ज्यांनी कैची अडवली तेच विळे घेऊन आले. ढोल वाजवत भक्तांनी देवाचा खुंट केला आणि खुशालभाऊ भिंतीवरून ओरडत होते, "गाठीखालून कापा! तिरपं कापा!"

संध्याकाळी फाटक उघडलं. जंगूबाबा आत गेले आणि त्यांनी चहा मागितला.

शिवेवर कोयनेल चांगली धरली, पण तिचा वाघ कोणाला करता येईना. दोन पावसाळ्यांनंतर सुकरीबाई फाटकाशी आली.

"वाघ तुमालेच येते, खुशालभाऊ."

"बाई, आमी मानत नाई."

"मानू नका. कापून द्या."

बाजेवरून जंगूबाबा म्हणाले, "जा ना बे. हात जोडू नको, कैची चालव."

सुट्टीच्या दिवशी खुशालभाऊ गेले. तार धरायला मी सोबत होतो. कान झाले, पाठ झाली. या वेळी वाघ खरंच वाघासारखा दिसत होता. आता जबडा उघडायला त्यांनी कैची नेली, तशी इतका वेळ बाजूला उभी असलेली सुकरीबाई हळूच म्हणाली, "भाऊ, याचं तोंड उघडं नका ठेवू जी."

खुशालभाऊंचा हात थांबला. फाटकातल्या त्या वासलेल्या जबड्याला आम्ही हसत होतो, आणि ही बाई रोज त्याच्यासमोर उभी राहत होती.

खुशालभाऊंनी कैची खाली ठेवली. वरच्या आणि खालच्या फांद्या जवळ ओढून सुतळीने बांधल्या. "पानं भरले का मिटते, बाई. दिवारीलोक मिटते."

सुकरीबाई तिथेच बसून रडली. दिवाळीपर्यंत दर सुट्टीला खुशालभाऊ शिवेवर जायचे आणि सुतळी सैल तर झाली नाही ना, एवढं पाहून परत यायचे.