चिंचेचा बुडखा

माझ्या नणंदेचं लग्न ठरलं, मांडव चिंचणीच्या आमच्याच अंगणात घालायचा ठरला, आणि सगळ्यांचं लक्ष त्या बुडख्याकडे गेलं. वादळात मोडून पडलेल्या चिंचेची फांदी न् फांदी तोडून नेली होती. पण बुडखा अंगणाच्या मधोमध, कमरेएवढा उंच, तसाच उभा होता.

तेव्हा तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं. धडधाकट माणूस तिकडे कामाला, खणायला कोणी मिळेना. शेवटी यजमानांनी कुदळ घेतली, मी पहार. नवी सून पदर खोचून खणतेय हे बघून सासूबाई स्वतःच घमेलं घेऊन माती उपसायला आल्या. बाजूची मुळं कुऱ्हाडीने तुटली. खाली सरळ गेलेलं सोटमूळ मात्र हलेना. मांडव तर दोन दिवसांवर आलेला.

सकाळी मासळी घेऊन येणारी मावशी खड्ड्यात डोकावली.

"यवढंच ना? आमी होड्या वडतो. त्यापुढं ह्यो काय हाय!"

दुपारी ती खरंच आली. सोबत तिचा नवरा, दीर, जावा आणि होडी ओढायचा मनगटाएवढा जाड दोर! तिच्या नवऱ्याने बुडख्याच्या डोक्याला फास घातला. आम्ही दोन्ही घरची माणसं ओळीने दोराला लागलो.

"हैस्सा!"

काही नाही. पुन्हा "हैस्सा!" खड्ड्यात कुठेतरी 'कट्' झालं.

"हालला! हालला! सोडू नका!" मावशी ओरडली.

एवढ्यात ओटीवरून नणंदेने उडी मारली आणि माझ्यामागे दोर धरला.

"अगं, तू नको! उद्या हळद लागायचीय तुला!" सासूबाई ओरडल्या.

"लागू दे! आधी हा निघू दे!"

तळहात भाजत होते, पण कोणाला पर्वा नव्हती. सगळ्यांचा एकच आवाज झाला, एकच हिसका बसला, मूळ तुटलं आणि आम्ही सगळे एकमेकांवर उताणे पडलो. बुडखा मुळ्या वर करून आडवा झाला होता. नणंदेचं कोपर खरचटलं होतं आणि ती मातीत बसून खदखदून हसत होती. सासूबाई रागवायला धावत आल्या, तिचं कोपर हातात घेतलं, फुंकर घातली आणि त्यांनाही हसू आवरेना. तिथेच बसल्या, डोळे पुसत.

चहा झाला. पुरुषांनी बुडखा लोटत परसात नेला, खड्डा रेतीने भरून वर उपसलेली माती ओढली. वरची माती भुसभुशीतच होती.

"दाबायला पाहिजे," यजमान धुमस शोधू लागले.

नणंदेने माझे हात धरले. "वहिनी, चल!"

आणि आम्ही दोघींनी त्या मातीवर फुगडी घातली. मावशी टाळ्या वाजवत होती, जमीन पायाखाली घट्ट होत होती, आणि आम्हाला थांबवतच नव्हतं.