दीड सेंटिमीटर वरचा खिसा

"पोट आत घेऊ नका. मापाशी खोटं बोलून काय मिळणार?"

टेप कमरेभोवती आली की ते हे म्हणायचेच. ओठांत तीन-चार टाचण्या धरलेल्या असायच्या, त्यामुळे वाक्य तोंडाच्या एका कोपऱ्यातून यायचं. तुम्हीही कधी शिंप्यासमोर पोट आत घेतलं असेल, तर लाजू नका. मी दर वेळी घेतलं आहे.

नव्वदच्या दशकात कंपनीच्या कामासाठी आम्ही नवरा-बायको तोक्योत फुनाबोरीला राहत होतो. स्टेशनपासून माझ्या दोनशे दहा पावलांवर त्यांचा गाळा होता, जेमतेम दोन मीटर रुंदीचा. पाटीवर जपानीत फक्त 'कपडे दुरुस्ती'. आत एक शिवणयंत्र, एक इस्त्री आणि साठीकडे झुकलेले हे उंच, कृष्णवर्णीय अमेरिकन गृहस्थ. लष्करातून जपानला आले आणि इथेच राहिले. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं.

माझ्या बायकोने पहिल्याच दिवशी त्यांना 'मास्तर' म्हटलं. म्हणजे काय, त्यांनी विचारलं. आमच्याकडे कपडे शिवणाऱ्याला मानाने असं म्हणतात, असं तिने सांगितलं.

"आमच्याकडे हा शब्द पणजोबांच्या मालकासाठी होता," ते म्हणाले. "तुमचा अर्थ बरा आहे. चालू द्या."

मग ते आमचे मास्तरच झाले.

चेना आणि बटणं बदलणं हे पोटापाण्याचं काम. खरा जीव कपडे बेतण्यात. स्टेशनच्या काचेसमोर नाचाचा सराव करणारी तरुण मुलं त्यांच्याकडून ढगळ पँटी शिवून घ्यायची. "आमच्या वस्तीत माणूस रविवारी चर्चला सूट घालायचा आणि सोमवारी गोदीत जाड कापडाचं जाकीट," ते सांगायचे. "माणूस एकच. मग कपडे दोन कशाला?" म्हणून ते कामगारांच्या जाड कापडाच्या जाकिटाला सुटाची कॉलर लावायचे. ऐकायला विचित्र, पण अंगावर राजेशाही. हे बेतणं त्यांच्या आईचं. अमेरिकेत त्या जन्मभर लोकांचे कपडे शिवत आल्या होत्या.

माझं जाकीट शिवताना त्यांनी माझा उजवा खांदा दीड सेंटिमीटर खाली असल्याचं शोधून काढलं.

"बॅग?"

"बॅग. वीस वर्षं."

त्यांनी उजवा खिसा बरोबर दीड सेंटिमीटर वर लावला. मी घातलं की दोन्ही खिसे एका रेषेत. हँगरवर मात्र जाकीट वाकडं दिसायचं.

ते तयार होऊन गाळ्यात लटकत असताना एका बड्या फॅशन कंपनीची दोन माणसं आली. फोटो काढले, केकचा डबा दिला आणि दोन आठवड्यांसाठी जाकीट मागितलं. मास्तरांनी आधी मला फोन केला. "जाकीट तुमचं आहे. तुम्ही 'हो' म्हणाल तरच देतो. ते मासिकात माझं नाव छापणार आहेत." आवाज एरवीपेक्षा वर गेला होता. "आईला अंक पाठवीन. ब्याऐंशी वर्षांची आहे. तिने शिवलेल्या एकाही कपड्यावर कधी कुणाचं नाव लागलं नाही."

मी 'हो' म्हटलं. जाकीट वेळेवर परत आलं. मासिक आलं सात महिन्यांनी.

आम्ही तिघं गाळ्यात अंक उघडून बसलो. जपानीत परदेशी नावं वेगळ्या लिपीत लिहितात आणि ती आम्हाला वाचता यायची. पण फॅशनच्या पानांवर सगळं त्याच लिपीत. मास्तर एकेका शब्दावर बोट ठेवत होते. जाकीट. पॉकेट. न्यूयॉर्क. स्ट्रीट. पुन्हा स्ट्रीट. चार पानं संपली, नाव आलं नाही.

बायकोला जपानी जास्त येत असे. तिने मजकूर वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. "'रस्त्याची बेदरकार असमानता' असं लिहिलंय. अहो, तुमचा खांदा आहे तो!"

मास्तर खूप हसले. मग म्हणाले, "रस्त्याने शिवलं म्हणे. त्या रस्त्याची आई कोण, तेही छापायचं होतं." अंक मिटून त्यांनी इस्त्री गरम करायला लावली.

मला राहवलं नाही. शनिवारी टेप घेऊन त्या कंपनीच्या गिंझातल्या दुकानात गेलो; तसलंच जाकीट तिथे विकायला होतं. विक्रेती अदबीने बघत राहिली आणि मी त्याची अकरा मापं घेतली. अकराही माझ्या जाकिटाशी जुळली. खिसासुद्धा दीड सेंटिमीटर वर. सरळ खांद्यांच्या माणसांना आता वाकडे खिसे मिळणार होते.

मी कंपनीला पत्र टाईप केलं, मापांच्या तक्त्यासकट. उत्तर जाड कागदावर आलं: आपल्या आस्थेबद्दल आभार, आमची प्रेरणा रस्त्यावरचं जीवन आहे. दोन्ही कागद मी मास्तरांना दाखवले. उत्तर त्यांनी बाजूला ठेवलं आणि माझंच पत्र सावकाश वाचलं, बोट खाली खाली नेत.

"मापं सगळी बरोबर आहेत," ते म्हणाले. "नाव कुठे आहे?"

मी लिहिलं होतं, 'फुनाबोरीचे एक शिंपी'. तीन वर्षं मी मास्तर, मास्तर करत होतो. मान देतोय अशा समजुतीत नाव कधी विचारलंच नव्हतं.

तेव्हा विचारलं. त्यांनी एकेक अक्षर सांगितलं. (इथे ते लिहीत नाही. परवानगी द्यायला ते आता नाहीत आणि विचारल्याशिवाय काही घेऊ नये, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.) दुसऱ्या पत्राची पहिली ओळ होती: हे जाकीट यांनी बेतलं आणि शिवलं. त्यापुढे पूर्ण नाव. त्या पत्राला उत्तर आलं नाही.

पुढच्या वर्षी ते आईकडे परत गेले. गाळ्यात चाव्या करणारा आला.

मला ते आठवतात ते दुसऱ्या पत्राच्या दिवसाचे. पोस्टात टाकण्याआधी मी ते वाचायला दिलं. त्यांनी पहिली ओळ दोनदा वाचली.

"याची एक प्रत मिळेल? आईला पाठवतो."

"मिळेल की."

"पण तिला सेंटिमीटर कळत नाहीत."

मग मी त्यांच्या स्टुलावर बसलो आणि अकरा आकडे इंचात करून दिले, अष्टमांशापर्यंत बरोबर. ते तोवर एअरमेलच्या पाकिटावर आईचा पत्ता लिहीत होते, मोठ्या, स्वच्छ अक्षरांत.