टेकाड नसलेली टिटवी

वडीगोद्रीजवळच्या आमच्या शेतात नाल्याच्या काठावर कडब्याची गंजी होती. चार जनावरांचा वर्षभराचा चारा. मृगाच्या आधी ती वरच्या रानात हलवायची, असा आमचा नेम. त्या वर्षी थोरला भाऊ म्हणाला, "राहू दे. टिटवीनं यंदा नाल्याच्या वाळूत अंडी घातलीत. नाल्याला पाणी येत न्हाई."

टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस मोठा, खोलगट जागी घातली तर कमी, हे आमच्याकडे सगळे मानतात. मीही मानायचो. पण दरवर्षी शेजारच्या मुरमाड टेकाडावर अंडी घालणारी टिटवी यंदाच खाली का उतरली, ते मला पटेना. मी बघायला गेलो, तर टेकाडच नव्हते. रस्त्यासाठी मुरूम नेणाऱ्यांनी ते पार सपाट केले होते.

"दादा, तिला पावसाचं काही कळलं न्हाई. तिला वर जागाच उरली न्हाई," मी परत येऊन सांगितले.

"आता पाखरावरबी शक घेऊन राह्यलास का?" म्हणत दादा स्वतः जाऊन बघून आला. मग त्याने गंजीवरची पहिली पेंढी ओढली.

"धर. पण पाऊस न्हाई आला, तर कडबा परत खाली तूच आणायचा."